ग्रामपंचायतीची नोकरी सोडून निवडणुकीला उभं राहताय? राजीनाम्यापासून सभेतल्या खुर्चीपर्यंतची वाट

३१ डिसेंबर २०२०. कोरेगावला तहसील कार्यालयात अर्जांची छाननी चालू होती. माझं नाव पुकारलं आणि मागून एक जण उठून म्हणाला, "हरकत आहे. बाई अजून पंचायतीच्या नोकरीत आहेत. या महिन्याच्या हजेरीपत्रकावर त्यांचं नाव आहे."

हजेरीपत्रकावर नाव होतं, ते खरंच होतं. अकरा वर्षं मी आमच्या ग्रामपंचायतीत लिपिक होते. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली, दाखले, नोंदवह्या, सगळं माझ्याकडे. राजीनामा देऊन मी बाहेर पडले होते, पण महिन्याच्या सुरुवातीला लिहिलेलं नाव कोणी कमी केलं नव्हतं. माझ्या पिशवीत राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र आणि पदभार सोडल्याची यादी होती म्हणून अर्ज टिकला. ते दोन कागद घरी राहिले असते तर तिथंच विषय संपला असता.

तेव्हापासून आसपासच्या गावांतून लोक विचारायला येतात. कोणी रोजगार सेवक असतो, कोणी पाणी सोडणारा, कुणाची बायको अंगणवाडीत, कुणाचा भाऊ ठेकेदार. बहुतेकांची नियत साफ असते. आपण पैसे खाणार नाही, म्हणजे आपल्याला कसली अडचण, असं त्यांना वाटतं. पण इथं माणूस अडकतो तो तारखांत आणि घरातल्या साध्यासुध्या व्यवहारांत. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. यातला बहुतेक भाग ग्रामपंचायतीचा आहे, कारण मी त्यातून गेले आहे. नगरपालिका आणि त्यापुढचं शेवटाकडे थोडक्यात येईल.

१. आधी ठरवा: तुम्ही नेमके कोणाचे नोकर?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधलं कलम १४ मिळवा आणि दोनदा वाचा. कोण सदस्य होऊ शकत नाही आणि झालेला सदस्य राहू शकत नाही, हे त्यात आहे. 'राहू शकत नाही' हे शब्द नीट लक्षात घ्या. निवडून आलात म्हणजे सुटलात असं नाही, पाचही वर्षं हेच कलम तुम्हाला लागू असतं.

नोकरदारांसाठी त्यात तीन गोष्टी आहेत. शासनाचा किंवा कोणत्याही स्थानिक प्राधिकरणाचा नोकर अपात्र. पंचायतीच्या हातातलं पगारी पद किंवा लाभाची जागा सांभाळणारा अपात्र. आणि पंचायतीच्या कामात, करारात किंवा तिच्याकडच्या नोकरीत ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध आहे तोही अपात्र. या तिसऱ्याला गावात सगळे 'चौदा ग' म्हणतात.

या कलमाशिवाय तुमच्या नोकरीचे वर्तणूक नियम असतात. या दोन गोष्टींची लोक नेहमी गल्लत करतात. कायदा तुमचा अर्ज किंवा सदस्यपद घालवतो, वर्तणूक नियम तुमची नोकरी घालवतात. एकात बसलात म्हणजे दुसऱ्यातून सुटलात असं होत नाही.

तुमची जागा यात शोधा:

राज्य शासन, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांचे कर्मचारी, जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो), आरोग्य सेवक-सेविका: नोकरीत राहून उभं राहता येत नाही. शासकीय कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे. त्यांत उभं राहणं तर सोडाच, दुसऱ्याचा प्रचार करायलाही बंदी आहे. मत द्यायचा हक्क आहे, पण कोणाला देणार हे सांगत फिरायचं नाही. गाडीवर किंवा घरावर चिन्ह लावणंसुद्धा प्रचारात धरलं जातं.

ग्रामपंचायतीचे लिपिक, शिपाई, पाणीपुरवठा आणि सफाई कर्मचारी: पंचायत हे स्थानिक प्राधिकरणच आहे. सोडल्याशिवाय मार्ग नाही.

ग्रामरोजगार सेवक: "आम्हाला पगार कुठं आहे, मानधन आहे," असं ऐकायला मिळतं. त्यावर विसंबू नका. कलमात पगारी पदाबरोबर लाभाची जागाही आहे, आणि तुमची निवड ग्रामसभेतून झालेली असते. सोडूनच अर्ज भरा.

पोलीस पाटील: नेमणूक प्रांताधिकाऱ्यांची. राजीनामाही तिथेच द्यायचा, सरपंचाकडे किंवा तलाठ्याकडे नव्हे.

अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा: नेमणुकीच्या आदेशातल्या अटी वाचा. मग अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना आणि आशांसाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. "शेजारच्या गावात एकीने लढवली होती" हे छाननीच्या टेबलावर चालत नाही.

खासगी अनुदानित शाळेचे शिक्षक: तुमचे सेवाशर्तींचे नियम १९८१ चे, वेगळे आहेत. संस्थेशी बोलून परवानगी लेखी घ्या. मुख्याध्यापकांनी मान डोलावली, एवढं पुरत नाही.

साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था: आपल्या सातारा-सांगलीत घरटी एक माणूस यांतल्या कुठल्या तरी ठिकाणी असतो. सहकारी संस्था म्हणजे स्थानिक प्राधिकरण नव्हे, त्यामुळे तिथली नोकरी या कलमात येत नाही. पण सेवाशर्ती बघा. एसटी आणि महावितरणच्या लोकांनीही आपापले वर्तणूक नियम आधी वाचावेत.

निवृत्तीवेतनधारक: निवृत्तीवेतन म्हणजे नोकरी नव्हे. निवृत्त शिक्षक आणि माजी सैनिक निर्धास्तपणे उभे राहू शकतात. अपशिंग्यासारख्या, घराघरांतून लष्करात माणूस गेलेल्या गावांत हा प्रश्न दर वेळी येतो म्हणून लिहिलं. मात्र निवृत्तीनंतर पुन्हा सरकारी नोकरी धरली असेल, तर तुम्ही पुन्हा नोकरच.

२. राजीनामा देणार की स्वेच्छानिवृत्ती घेणार?

हे ज्यांची नोकरी निवृत्तीवेतनाची आहे त्यांच्यासाठी. माझ्या ओळखीतले एक जण रागाच्या भरात साध्या कागदावर दोन ओळींचा राजीनामा लिहून मोकळे होणार होते, बावीस वर्षांच्या नोकरीनंतर. मी त्यांचा हात धरला.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तीवेतन) नियम, १९८२ मधला नियम ४६ सांगतो की राजीनामा दिला की मागची सेवा गेली. वीस वर्षांची असो की पंचवीस, निवृत्तीवेतनासाठी ती धरली जात नाही. त्याच नियमांतला नियम ६६ सांगतो की वीस वर्षं अर्हताकारी (निवृत्तीवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि मग निवृत्तीवेतन मिळतं. कागद दोन्हीकडे एकच पानाचा, पण त्याचा परिणाम आयुष्यभर राहतो.

म्हणून वीस वर्षं झाली असतील तर 'राजीनामा' हा शब्दच लिहू नका. मात्र त्यासाठी तीन महिने आधी हालचाल करावी लागते. निवडणूक जाहीर झाल्यावर तेवढा वेळ उरत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांचा निवृत्तीचा हिशेब वेगळा आहे, त्यांनी लेखा शाखेत बसून आपल्या खात्याचा आकडा काढून घ्यावा.

आम्हा ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. जिल्हा परिषदेच्या गट क आणि गट ड भरतीत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी दहा टक्के जागा असतात, आणि ज्येष्ठता यादीत नंबर लागायची वाट बघत लोक वर्षानुवर्षं काढतात. राजीनामा दिला की त्या यादीतून बाहेर. माझा नंबर फार लांब होता, म्हणून मला निर्णय सोपा गेला. तुमचा जवळ आला असेल तर घरच्यांसमोर बसून ठरवा. पाच वर्षांचं सदस्यपद आणि कायमची नोकरी यांची निवड निवडणुकीच्या वाऱ्यात करू नका.

३. राजीनामा दिला, एवढ्याने नोकरी सुटत नाही

मला एका कार्यालयात तोंडी सांगितलं गेलं होतं, "अर्ज टाका, पोच घ्या, झालं." झालं नसतं. पोच म्हणजे तुमचा कागद त्यांना मिळाला, इतकंच. नोकरी सुटते ती राजीनामा मंजूर होऊन तुम्हाला कार्यमुक्त केल्यावर.

माझ्या तारखा सांगते. राज्य निवडणूक आयोगाने ११ डिसेंबर २०२० ला कार्यक्रम जाहीर केला. अर्ज २३ ते ३० डिसेंबर, छाननी ३१ ला, माघार ४ जानेवारीला, मतदान १५ जानेवारी २०२१ ला. आठ दिवसांची मुदत वाटते, पण २५, २६ आणि २७ ला सुट्टी होती. हातात राहिले पाच दिवस. त्यात आमच्या पंचायतीची मुदत संपलेली, कारभार प्रशासकाकडे, आणि ते पंचायत समितीचे विस्तार अधिकारी. त्यांच्याकडे आणखी गावं होती, आमच्याकडे आठवड्यातून एकदा यायचे. मी १४ तारखेला राजीनामा ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे दिला आणि निवांत बसले. तीन दिवसांनी कळलं की मंजुरी प्रशासक देणार आणि कागद अजून पंचायतीच्या कपाटातच आहे. मग पंचायत समितीत खेटे घातले. मंजुरीचा आदेश २२ तारखेला हातात आला.

यावरून जे शिकले ते असं:

राजीनामा ज्याला नेमणुकीचा अधिकार आहे त्याच्या नावाने लिहा. 'अमुक तारखेपासून मंजूर करावा' असं स्पष्ट लिहा. 'निवडणूक हरल्यास परत घेण्यात यावे' असली अट घालू नका. अटीचा राजीनामा म्हणजे नोकरीतली एक पायरी तुम्ही धरून ठेवली आहे, असंच समोरचा म्हणणार. रजेवर जाऊन अर्ज भरणं, किंवा तोंडी सुट्टी घेऊन भावाला आपल्या जागी बसवणं, हेही तसंच. रजेवरचा माणूस नोकरीतच असतो.

आदेश मिळाला त्याच दिवशी पदभार सोडा. शिक्के, पावती पुस्तकं, किल्ल्या, संगणकाचे पासवर्ड, शिल्लक रोकड, सगळ्याची यादी दोन प्रतींत करा, घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या. हजेरीपत्रकावर तुमच्या नावापुढे 'कार्यमुक्त' आणि तारीख लिहून घ्या. मी नेमकं हेच विसरले होते.

आणि पगार. २२ डिसेंबरपर्यंतचा माझा पगार फेब्रुवारीत खात्यावर आला. तोवर मी सदस्य झाले होते. सदस्याच्या खात्यावर पंचायतीचा पगार! म्हणून पत्र लिहून ठेवा: येणे असलेली रक्कम अमुक तारखेपर्यंतच्या कामाची आहे, त्यानंतरचा एक रुपयाही देऊ नये. त्या पत्राची पोच जपा.

४. अर्ज भरायला जाताना पिशवीत काय हवं

निवडणूक विभागाची अधिकृत यादी वेगळी मिळते: नामनिर्देशनपत्र, घोषणापत्र, अनामत, राखीव जागा असेल तर जातीची कागदपत्रं. ती तर लागतीलच. नोकरी सोडून आलेल्याने यांची भर घालावी:

- राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती मंजुरीचा आदेश, मूळ आणि दोन झेरॉक्स
- कार्यमुक्तीचा आदेश
- पदभार हस्तांतरणाची यादी, दोघांच्या सह्यांची
- हजेरीपत्रकाच्या त्या महिन्याच्या पानाची प्रत
- पंचायतीची कोणतीही रक्कम, साहित्य किंवा दप्तर तुमच्याकडे नसल्याचा दाखला
- घरपट्टी, पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या आणि थकबाकी नसल्याचा दाखला
- घरात कोणाचा पंचायतीशी व्यवहार असेल तर तो संपल्याचे कागद (हे पुढे सहाव्या मुद्द्यात)

थकबाकीबद्दल थोडं. बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा कर भरला नाही तर तेही अपात्रतेचं कारण आहे. आमच्या घराची पट्टी भरलेली होती, पण सासऱ्यांच्या नावच्या जुन्या गोठ्याची दोन वर्षं राहिली होती. वसुली स्वतः माझ्याकडे असून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गोठा माझ्या नावावर नव्हता, तरी हरकतीला निमित्त नको म्हणून लगेच भरली. एकत्र कुटुंबाच्या सगळ्या मिळकतींचे नमुना आठचे, म्हणजे पंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतले, उतारे काढून बघा.

५. छाननीच्या दिवशी

वेळेआधी जा, स्वतः जा. सूचक बरोबर असले तर बरं. हरकत आली तर हरकत घेणाऱ्याशी वाद घालू नका, तुम्हाला बोलायचं आहे ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांशी. कागद पुढे ठेवा, कोणत्या तारखेला मंजुरी आणि कोणत्या तारखेला कार्यमुक्ती, एवढं दोन वाक्यांत सांगा. निर्णय कुठलाही लागो, कारणासह लेखी प्रत मागा. तिचा उपयोग पुढे होतो. माझ्याविरुद्ध नंतर तक्रार झाली तेव्हा छाननीतला तो अर्ध्या पानाचा निर्णय मी पहिल्यांदा जोडला.

निकाल लागला की खर्चाचा हिशेब तीस दिवसांत द्यायचा. हरलेल्यांनीही. कलम १४ ब खाली हिशेब न देणारा पाच वर्षं अपात्र ठरू शकतो, आणि हरलेले लोक हेच विसरतात.

६. निवडून आलात. आता घरातले व्यवहार तपासा

इथं मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

नोकर असताना मी बिलं तयार करायची. कोणाच्या दुकानातून पाइप आले, कोणाच्या ट्रॉलीने मुरूम टाकला, मंडप कोणाचा, मला पाठ होतं. गाव लहान असतं. हार्डवेअरचं दुकान एक, मोटार भरून देणारा एक, जेसीबीवाले दोन. उभं राहायचं ठरवलं तेव्हा लक्षात आलं की त्यांतले निम्मे आपल्या नात्यातले आहेत, आणि एक तर आपल्या घरातला आहे.

माझ्या नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. जुन्या कमिटीच्या काळात पंचायतीने नेलेल्या पाइप आणि व्हॉल्व्हचे साडेअठरा हजार रुपये येणे होते. काम माझ्या निवडणुकीच्या कितीतरी आधीचं, बिल खरं, माल खरा. तरी मी विचार केला की मी सदस्य झाल्यावर हे बिल निघालं तर मंजूर करणाऱ्या सभेत मीच बसलेली असणार. आम्ही दोघांनी बोलून त्या पैशावर पाणी सोडलं. अर्ज भरण्याआधी लेखी दिलं की ही रक्कम आम्हाला नको आणि यापुढे या दुकानातून पंचायतीला माल दिला जाणार नाही. साडेअठरा हजार आमच्यासाठी लहान रक्कम नव्हती. नवऱ्याने एक शब्द काढला नाही, हे मी विसरणार नाही.

तुम्ही पैसे सोडलेच पाहिजेत असं मी म्हणत नाही. पण येणं असेल तर अर्जाच्या आधी वसूल करा आणि चालू करार असेल तर आधी संपवा. निवडून आल्यावर 'बघू' म्हणणाऱ्यांचीच प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात.

काय काय तपासायचं:

तुमचा, नवऱ्याचा किंवा बायकोचा, एकत्र राहणाऱ्या मुलाचा किंवा भावाचा पुरवठा आणि ठेका. भागीदारी असेल तर भागीदाराच्या नावानेही. दुसऱ्याच्या नावावर ठेका आणि काम आपलं, असं असेल तर तो अप्रत्यक्ष हितसंबंधच. गावात हे कोणापासून लपत नाही.

पंचायतीचा गाळा तुमच्या नावावर भाड्याने असेल तर तो पंचायतीशी केलेला करारच आहे. करारपत्र वकिलाला दाखवूनच अर्ज भरा. कलमाला जोडलेल्या स्पष्टीकरणात काही सवलती आहेत, पण आपण त्यात बसतो हे आपल्याआपण ठरवू नये.

बचत गट. बायका निवडून येतात तेव्हा बहुतेक जणी कुठल्या तरी गटाच्या अध्यक्ष किंवा सचिव असतात. गट पंचायतीकडून काम किंवा पैसे घेत असेल तर ते पद सोडा आणि बँकेतली सही बदलून घ्या. सही बदलायला महिना जातो, आधी सुरू करा.

सरपंच झालात तर आणखी सांभाळा. वित्त आयोगाचे पैसे आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीने निघतात, आणि कोणाच्या नावाने किती गेले हे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही दिसतं. तातडीचं काम आहे, मजूर रोख मागतात, म्हणून स्वतःच्या नावाने रक्कम काढून वाटायची, हे जुन्या सरपंचांनी खूप केलं. चांगल्या हेतूनेही केलं असेल. पण कागदावर ते पैसे तुमच्या नावावर गेलेले दिसतात आणि पंचायतीच्या कामात तुमचा हिस्सा ठरतो. तुमची सही असलेली डिजिटल चावी दुसऱ्याच्या हातात देऊ नका, नवऱ्याच्यासुद्धा. हे मी मुद्दाम बायकांना सांगते आहे.

अतिक्रमण. गायरानावर किंवा गावठाणाच्या सरकारी जागेवर तुमचं घर, ओटा, गोठा असेल तर कलम १४(१)(ज-३) लागू होतं. आधी न्यायालयाने मूळ अतिक्रमण करणाऱ्यापुरताच त्याचा अर्थ घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१८ मध्ये तो बदलला: कुटुंबातल्या कोणीतरी केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा लाभ घेणाराही अपात्र. सासऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी बांधलं, माझा काय संबंध, हे आता चालत नाही.

७. सभेत बसण्याची रीत

विषयपत्रिका हातात आली की घरी वाचा. आपल्या घराशी, भावकीतल्या जवळच्या माणसाशी, आपल्या जुन्या व्यवहाराशी जुळणारा विषय दिसला की त्यावर खूण करा. सभेत तो विषय आला की उठा, म्हणा, "या विषयात माझा संबंध येतो, मी बाहेर जाते," आणि खरंच बाहेर जा. खुर्चीत बसून गप्प राहणं म्हणजे हजर राहणं. इतिवृत्तात तुमचं बाहेर जाणं आणि परत येणं दोन्ही लिहिलं आहे का ते पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना बघा. नसेल तर तिथंच दुरुस्ती सुचवा.

हे मला वेळेवर सुचलं नाही. पहिल्या पावसाळ्यात ओढ्याकडचा रस्ता वाहून गेला. भाऊसाहेबांनी मिळेल ती ट्रॉली बोलावली, ती होती माझ्या धाकट्या दिराची. चार हजार दोनशे रुपयांचा मुरूम. पुढच्या मासिक सभेत खर्चाची यादी मंजुरीला आली, त्यात ती रक्कम बाराव्या ओळीत होती. मी यादी वरवर पाहिली आणि सगळ्यांबरोबर हात वर केला. अकरा वर्षं बिलं तपासलेली बाई मी, आणि बारावी ओळ वाचली नाही. ती चूक माझी होती.

८. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद आणि पुढे

साताऱ्यासारख्या नगरपालिकेला १९६५ चा नगरपरिषद अधिनियम, सांगली-मिरज-कुपवाडला महानगरपालिका अधिनियम, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला १९६१ चा अधिनियम. कलमांचे आकडे वेगळे, पण गाभा तोच: त्या संस्थेची नोकरी, तिच्याकडचं लाभाचं पद आणि तिच्या करारातला हिस्सा.

आमदारकी-खासदारकीला राज्यघटनेतलं 'लाभाचे पद' येतं, आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातली कलमं ९अ आणि १०. सरकारशी चालू करार असणारा अपात्र. सरकारचा किमान २५ टक्के हिस्सा असलेल्या कंपनीचा व्यवस्थापक किंवा सचिवही अपात्र, मात्र त्यातून सहकारी संस्था वगळल्या आहेत. २००६ साली जया बच्चन यांचं राज्यसभेचं सदस्यत्व गेलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पैसे प्रत्यक्ष घेतले की नाही याला महत्त्व नाही, त्या पदातून लाभ मिळू शकतो का हे बघायचं. "मी मानधन उचललंच नाही" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

९. तक्रार झालीच तर

कलम १६ खाली कोणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो, तो मतदार किंवा हरलेला उमेदवारच असावा असं नाही. शक्यतो साठ दिवसांत निर्णय द्यायचा असं कायदा म्हणतो. माझा लागायला नऊ महिने गेले. निर्णय होईपर्यंत तुम्ही सदस्य असता, सभांना जायचं आणि काम करायचं.

नोटीस आली की ती टाळू नका. घराला कुलूप लावून दुसऱ्या दाराने जाणारे मी पाहिले आहेत, त्याने फक्त तारीख एकतर्फी जाते. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय विरुद्ध आदेश देता येत नाही, ही संधी तुमची आहे. वकील लावा, पण कागद स्वतः गोळा करा.

माझ्यावर आरोप दिराच्या ट्रॉलीचा. मी दिलेले कागद: दिराची वेगळी शिधापत्रिका, वेगळ्या घराचा नमुना आठ, वीजबिल, वाटणीनंतरचे स्वतंत्र सातबारे, ट्रॅक्टरचं कर्ज त्याच्या खात्यातून फिटत असल्याचं बँकेचं पत्र, आणि तो पैसा माझ्या किंवा नवऱ्याच्या खात्यात आला नाही हे दाखवणारी दोघांची पासबुकं. दुकानाची रक्कम सोडल्याचं जुनं पत्रही जोडलं. चूल वेगळी आणि हिशेब वेगळा, हे कागदावर दाखवता आलं, म्हणून अर्ज फेटाळला गेला. नुसतं "आम्ही वेगळे राहतो" म्हटलं असतं तर कोणी का ऐकावं? सभेत हात वर केला होता, तोही इतिवृत्तात होता, आणि सुनावणीत त्यावर मला विचारलं गेलं. मी खरं ते सांगितलं.

निकाल विरुद्ध गेला तर निर्णयाच्या तारखेपासून पंधरा दिवसांत अपील करावं लागतं. सातारा आणि सांगली दोन्ही पुणे विभागात, त्यामुळे अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडे. पंधरा दिवस फार वाटतात, पण प्रमाणित प्रत मिळण्यातच चार-सहा जातात. म्हणून निकालाच्या तारखेला स्वतः हजर राहा, तिथल्या तिथं प्रतीसाठी अर्ज टाका, आणि वकिलाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.